१३७ नावं, १६ बोर्ड, दोन दिवस: कॅरम स्पर्धेचा बाद पद्धतीचा ड्रॉ कसा लावायचा?

बोर्ड_नंबर_सात

नमस्कार मंडळी. आमच्या डोंबिवलीतल्या मंडळाची खुली एकेरी कॅरम स्पर्धा दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी ठरली आहे. शाळेचा हॉल मिळाला, १६ बोर्ड आणि त्यावरच्या दिव्यांची सोय झाली, पंचही मिळतायत. अडलंय ते ड्रॉपाशी. प्रवेशिका काल रात्री बंद केल्या तेव्हा १३७ नावं होती. निम्मी ठाणे-कल्याण पट्ट्यातली, बाकी मुंबई, पनवेल, थोडी पुण्याची आणि अलिबागची.

एवढ्या नावांत साखळी शक्य नाही, तेव्हा बाद पद्धत. सामना नेहमीचा: तीन गेमचा, प्रत्येक गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा (इथे बोर्ड म्हणजे एक डाव). आमच्या कार्यकारिणीत बहुतेकांचं म्हणणं, 'प्रत्येक फेरीला चिठ्ठ्या टाकू, जोड्या लावू, एकटा उरेल त्याला बाय देऊ, म्हणजे न खेळताच पुढे पाठवू, दरवर्षी असंच तर करतो.' मला ते पटत नाही. अलिबागहून माणूस सुट्टी टाकून येतो. आपण कुणाशी खेळणार, जिंकलो तर पुढे कोण येऊ शकतो, हे त्याला आल्या आल्या भिंतीवर लिहिलेलं दिसलं पाहिजे.

बाय कुणाला, मानांकन कसं, एकाच क्लबचे खेळाडू कसे वेगळे ठेवायचे आणि हे सगळं दोन दिवसांत बसतं का, यावर जाणकारांनी लिहावं.

निवृत्तपंच

कार्यकारिणीला हे कागदावर करून दाखवा. १३७ म्हणजे ६८ सामने आणि एक बाय, उरले ६९. त्यांचे ३४ सामने आणि पुन्हा एक बाय, उरले ३५. मग १८, मग ९, मग ५, मग ३. तीन जण उरले म्हणजे उपांत्य फेरीत एकच सामना, आणि तिसरा न खेळता अंतिम फेरीत. त्याआधी नऊ जणांत एक बाय, पाच जणांत एक बाय. चिठ्ठी एकाच माणसाला दोनदा लागली तर तो उपउपांत्यपूर्व फेरी जिंकून एक सामना खेळतो आणि चषकाच्या सामन्याला बसतो. एका स्पर्धेत असं घडताना मी पंच म्हणून समोर होतो. रविवारी रात्री दहाच्या सुमाराला दोन खेळाडू आयोजकांना विचारत होते की आम्ही दिवसभर घाम गाळला तो कशासाठी, आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

नियम हा की बाय द्यायच्या त्या सगळ्या पहिल्याच फेरीत संपवायच्या. त्यानंतर ६४, ३२, १६, ८, ४, २ असंच उतरलं पाहिजे, मध्ये कुठेही विषम आकडा येता कामा नये.

तुमच्या १३७ च्या वरचा पुढचा पूर्ण ड्रॉ २५६ चा, म्हणजे ११९ बाय. आकडा ऐकून घाबरू नका, उलट बाजूने बघा. तुम्हाला १२८ वर यायचंय, नऊ जण जास्त आहेत. नऊ जण कमी करायला नऊ सामने, म्हणजे १८ खेळाडू. तेवढ्यांची प्राथमिक फेरी घ्या, बाकीचे थेट १२८ च्या तक्त्यात.

ठाणे_लोकल

नऊ जणांना पैसे परत द्या, १२८ करा, विषय संपला.

बोर्ड_नंबर_सात

ते होणार नाही. मुदतीत आलेली प्रवेशिका आम्ही घेतली आहे, पावती दिली आहे. पुढच्या वर्षी फॉर्मवरच '१२८ नावं झाली की प्रवेश बंद' असं छापू. यंदाचे १३७ खेळणार.

गणितवाला_सातारा

सामन्यांच्या संख्येसाठी फेऱ्या मोजत बसू नका. प्रत्येक सामन्यात एक जण घरी जातो, आणि विजेता सोडून सगळ्यांना घरी जायचंय. म्हणून १३७ खेळाडू, १३६ सामने. ड्रॉ कसाही लावा, हा आकडा बदलत नाही. तिसऱ्या क्रमांकाचा सामना घेतलात तर १३७.

आता वेळ. एक सामना सरासरी तासाचा धरतो. कसलेले दोघे समोरासमोर आले तर दीड तासही जातो आणि एकतर्फी असेल तर अर्ध्या तासात संपतो, पण हिशोबाला तास बरा. १६ बोर्डांवर प्राथमिक फेरीची एक खेप, १२८ च्या फेरीचे ६४ सामने म्हणजे चार खेपा, पुढच्या ३२ सामन्यांच्या दोन, मग १६, ८, ४, २ आणि १ सामन्याची प्रत्येकी एक. एकूण १२ खेपा, म्हणजे बारा तास. शनिवारी सकाळी नऊला सुरू करून सात खेपा झाल्या की ३२ खेळाडू उरतात, रविवारी पाच खेपा. दोन दिवसांत आरामात बसतं.

कुणी म्हणेल की आणखी १६ बोर्ड मागवा, वेळ निम्मा होईल. होत नाही. ३२ बोर्डांवरही नऊ खेपा लागतात. शेवटच्या फेऱ्यांना बोर्ड रिकामेच असतात, तिथे वेळ बोर्डांच्या संख्येवर नाही, फेऱ्यांच्या संख्येवर ठरतो. दुप्पट भाडं आणि दुप्पट पंच यांच्या बदल्यात तीन तास वाचतात, तेही शनिवारीच. तो खर्च करू नका.

आणखी एक. प्राथमिक फेरीला नऊच बोर्ड लागतात. उरलेल्या सात बोर्डांवर लगेच १२८ च्या फेरीतले सामने लावा. मग ७३ सामने पाच खेपांत जातात आणि पाचव्या खेपेला नऊच सामने उरतात. म्हणजे सात बोर्ड हाताशी राहतात, उशीर झालेले आणि रेंगाळलेले सामने तिथे घालता येतात.

राणी_आणि_कव्हर

माझं नाव या १३७ मध्ये आहे, ते आधीच सांगते.

प्राथमिक फेरीतले १८ कोण? आमच्याकडच्या स्पर्धांत 'शेवटी आलेल्या प्रवेशिका' हा सोपा मार्ग काढतात. इथेही आकडा बरोबर जुळतो, १२० ते १३७ म्हणजे अठराच. तरी तसं करू नका. उशिरा नाव दिलं तर एक सामना जास्त खेळावा लागेल, असं फॉर्मवर छापलं असतं तर चाललं असतं. छापलं नव्हतं, मुदत सगळ्यांना एकच होती. १६ मानांकित वगळून उरलेल्या १२१ मधून १८ चिठ्ठ्या काढा, सगळ्यांसमोर. त्यात माझं नाव निघालं तर मी सकाळी नऊला बोर्डवर असेन.

ठाणे_लोकल

कार्यकारिणीच्या बाजूने एक सांगतो. दर फेरीला नवीन चिठ्ठ्या टाकणं हेच मुळात चूक आहे असं नाही. इंग्लंडच्या एफए कपमध्ये प्रत्येक फेरीचा ड्रॉ वेगळा काढतात आणि मानांकनही नसतं. लहान क्लब मोठ्या क्लबला घरच्या मैदानावर गाठतो, त्यातच त्या स्पर्धेची मजा आहे.

निवृत्तपंच

बरोबर, पण त्यांची बेरीज बघा. पहिल्या दोन श्रेणींतले ४४ क्लब तिसऱ्या फेरीत उतरतात, खालून दुसरी फेरी जिंकून २० येतात, होतात ६४. तिथून पुढे एकही बाय नाही. चिठ्ठ्या दर फेरीला टाकतात, पण संख्या आधी बांधून घेतलेली असते. शिवाय दोन फेऱ्यांमध्ये त्यांना काही आठवडे मिळतात. तुम्हाला हॉलमध्ये दर तासाला ड्रॉ काढायचा तर प्रत्येक वेळी खेळाडू ताटकळणार आणि प्रत्येक वेळी कुणी तरी कुजबुजणार. एकदाच तक्ता लावा आणि शेवटपर्यंत त्याला हात लावू नका.

कोडकर

हे सगळं हाताने कशाला? चॅलॉंजसारख्या साइटवर नावं टाका, मानांकन द्या, एका क्लिकमध्ये ड्रॉ तयार. निकाल टाकले की खेळाडूंना मोबाइलवर दिसतात. चिठ्ठ्यांपेक्षा संगणकाचा यादृच्छिक क्रम जास्त निष्पक्ष असतो, हे तरी मान्य करा.

निवृत्तपंच

निकाल दाखवायला ते जरूर वापरा. लांबच्या खेळाडूला मोबाइलवर कळतं, पुढच्या सामन्याची वेळ बघता येते. पण ड्रॉ डब्यातून काढा. संगणकावरचं बटण तीनदा दाबून हवा तो ड्रॉ ठेवला, असा संशय कुणी घेतला तर तो खोडून काढायला तुमच्याकडे काही नसतं. डब्यातली चिठ्ठी पन्नास जण बघतात.

मी ज्या पद्धतीने ड्रॉ काढत आलो ती लिहितो. सगळ्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, प्रत्येकीला चार घड्या. बॉलपेननेच लिहायच्या, स्केचपेनची शाई मागून दिसते. डब्यात टाकण्याआधी एकेक मोठ्याने मोजायची. चिठ्ठी काढायला हॉलमधलंच एखादं लहान मूल बोलवायचं, उघडून वाचायची दुसऱ्याने, तक्त्यावर लिहायची तिसऱ्याने. लिहिलेलं नाव पुन्हा वाचून दाखवायचं. शेवटी तक्त्याखाली हजर असलेल्या तीन वेगवेगळ्या क्लबच्या प्रतिनिधींच्या सह्या, आणि तिथेच फोटो.

आता मानांकन. १२८ च्या तक्त्यात १६ जागा एवढा एक गट, असे आठ गट होतात. पहिला मानांकित ओळ १ वर, दुसरा ओळ १२८ वर. तिसरा आणि चौथा यांची चिठ्ठी काढायची, एक ओळ ३३ वर, एक ९६ वर. पाच ते आठ यांचीही चिठ्ठी: ३२, ६४, ६५ आणि ९७. म्हणजे प्रत्येक गटात एक बडा झाला. नऊ ते सोळा हे गटाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, तेही चिठ्ठीनेच. टेनिसमध्ये साधारण असंच करतात. तिसऱ्या-चौथ्याची चिठ्ठी का, तर जागा ठरलेली असली की 'मला मुद्दाम दुसऱ्याच्या बाजूला टाकलं' अशी तक्रार येते.

राणी_आणि_कव्हर

आणि मानांकन कशावरून? राज्य क्रमवारीत असलेले आधी, त्याच क्रमाने. मग तुमच्या स्पर्धेचे गेल्या वर्षीचे उपांत्य फेरीतले खेळाडू. त्यानंतरही १६ भरत नसतील तर आठच ठेवा. 'चांगला खेळतो, सगळे ओळखतात' म्हणून मानांकन देऊ नका. विम्बल्डनमध्ये १२८ च्या ड्रॉला २००० पर्यंत १६ च मानांकित होते, २००१ पासून ३२ झाले. आठ किंवा सोळा मानांकितांनी तुमचं काहीही अडणार नाही.

क्लबचा प्रश्न खरा नाजूक आहे. दोघी एकाच क्लबच्या, रोज संध्याकाळी एकाच बोर्डवर सराव करणाऱ्या, दोन तास प्रवास करून आल्या आणि पहिल्याच फेरीत एकमेकींसमोर बसल्या, हे मी भोगलं आहे. जिंकूनही बरं वाटत नाही.

बोर्ड_नंबर_सात

आमच्याकडे एका क्लबची ११ नावं आहेत, दुसऱ्या एकाची सात. आमच्या मंडळाचेच सहा जण आहेत.

निवृत्तपंच

मानांकित बसवून झाले की सगळ्यात मोठा क्लब घ्या. ११ पैकी कुणी मानांकित असेल तर त्याचा गट भरला असं धरा. बाकीच्यांना चिठ्ठीने एकेका गटात टाका, आठही गटांत एकेक होईपर्यंत. उरलेले तीन वेगवेगळ्या चतुर्थांशात, आणि गटाच्या अशा अर्ध्यात जिथे त्यांचा माणूस नाही. मग सातवाला क्लब, मग तुमचे सहा. इतर क्लबांचे दोन-तीन जण असतील तर उलट्या अर्ध्यांत टाकले की झालं. बाकी सगळी नावं सरसकट डब्यात. प्राथमिक फेरीच्या नऊ विजेत्यांसाठी 'प्राथमिक १' ते 'प्राथमिक ९' अशा चिठ्ठ्या त्याच डब्यात टाका. बेरीज तपासा: १६ मानांकित, १०३ थेट, ९ प्राथमिक, एकूण १२८.

हे नियम ड्रॉच्या आधी वाचून दाखवा. चिठ्ठी निघाल्यावर 'हा त्याचा मेहुणा, याला तिकडे टाका' चालणार नाही, अगदी अध्यक्षांनी सांगितलं तरी.

लाल_मातीतला

मी कोल्हापूरचा, कॅरम फक्त घरात खेळतो, पण बाद पद्धतीचं दुखणं कुस्तीत जवळून बघितलंय. महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती असे दोन विभाग असतात, दोन्हीकडचे विजेते किताबासाठी भिडतात. तुमच्या तक्त्याचे दोन अर्धे म्हणजे तेच. आता मातीतले दोन सगळ्यात भारी मल्ल पहिल्याच दिवशी एकमेकांना लागले तर त्यातल्या एकाचा दिवस तिथेच संपला. तो किती भारी होता हे कुणाला कळणारही नाही.

ऑलिंपिकच्या कुस्तीत यावर रेपेचाज आहे. अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून जे हरले त्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. २००८ ला बीजिंगमध्ये सुशीलकुमार पहिल्याच कुस्तीत युक्रेनच्या स्टाडनिककडून हरला होता. स्टाडनिक फायनलला गेला म्हणून सुशील परत आला, ओळीने कुस्त्या मारल्या आणि कांस्य घेऊन आला. २०१२ ला योगेश्वर दत्त, २०१६ ला साक्षी मलिक, दोघांचं कांस्य त्याच वाटेने आलं. साध्या बाद पद्धतीत या तिघांची नावं आपण पदकाच्या यादीत वाचलीच नसती. तुमच्या कॅरमवाल्यांनी याचा विचार करावा असं मनापासून वाटतं.

गणितवाला_सातारा

दादा, मुद्दा फार मोलाचा आहे, आणि जुनाही. लुईस कॅरॉल म्हणून जग ज्याला ओळखतं तो ऑक्सफर्डचा गणिती चार्ल्स डॉजसन. त्याने १८८३ मध्ये लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका लिहिली. तक्रार हीच: बाद पद्धतीत पहिलं बक्षीस योग्य माणसाला जातं, दुसरं जाईलच असं नाही.

आकड्यात सांगतो. समजा चांगला खेळाडू नेहमीच जिंकतो आणि १२८ जणांचा ड्रॉ निव्वळ चिठ्ठीचा आहे. क्रमांक दोनचा खेळाडू अंतिम फेरीत पोचायचा तर तो क्रमांक एकच्या विरुद्ध अर्ध्यात पडायला हवा. उरलेल्या १२७ जागांपैकी ६४ जागा त्या अर्ध्यात. म्हणजे संधी जेमतेम निम्मी. मानांकन हवं ते यासाठी. पहिल्या दोघांना दोन टोकांना बसवलं की ही अडचण निदान त्यांच्यापुरती मिटते.

खरा दुसरा क्रमांक शोधायचाच असेल तर विजेत्याकडून हरलेले सगळे घ्या. १२८ च्या तक्त्यात ते सात असतात. त्यांच्यात पुन्हा बाद पद्धत लावली तर फक्त सहा सामने जास्त, १२७ ऐवजी १३३.

निवृत्तपंच

गणित मान्य. पण रविवारी संध्याकाळी विजेता ठरल्यावर त्याच्याकडून हरलेल्या सात जणांना पुन्हा बोलावणं जमत नाही, ते तोवर गाडीत बसलेले असतात. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांचा तिसऱ्या क्रमांकाचा सामना ठेवा, तेवढं पुरे.

राणी_आणि_कव्हर

मला काळजी वरच्यांपेक्षा खालच्यांची वाटते. १२८ च्या फेरीत ६४ जण एकेक सामना खेळून घरी जातात. त्यात शाळेतली मुलं असतात, पहिल्यांदा मोठ्या बोर्डवर बसलेली, हात थरथरतोय, ब्रेकलाच ड्यू (दंडाची सोंगटी) जातोय, चाळीस मिनिटांत सगळं संपलं. पुढच्या वर्षी ती येत नाहीत.

रविवारी तुमचे बोर्ड रिकामे होत जाणार आहेत. सकाळी नऊची खेप झाली की आठच लागतात, मग चार, मग दोन. त्या रिकाम्या बोर्डांवर पहिल्या सामन्यात हरलेल्यांसाठी प्लेट स्पर्धा घ्या, एकाच गेमची. इच्छा असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं. मोठं बक्षीस नको, एक स्ट्रायकर द्या. वीस मुलं जरी थांबली तरी ती दिवसभर बाजूच्या बोर्डवर राज्य पातळीचे खेळाडू खेळताना बघतील.

लाल_मातीतला

ताई, हे बेस्ट.

ठाणे_लोकल

एक व्यावहारिक. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला तर पुढे चाल देण्याचा नियम काय? डोंबिवलीला पोचायला ठाण्याहून एरवी अर्धा तास, ब्लॉकमध्ये काहीही.

बोर्ड_नंबर_सात

ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशीपर्यंत जाहीर होतं, ते आम्ही खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू.

वरच्या सगळ्या चर्चेवरून कार्यकारिणीपुढे ठेवायला मसुदा केलाय. १८ चिठ्ठ्या, शनिवारी नऊला प्राथमिक फेरी, आणि त्यातल्या विजेत्यांचा पुढचा सामना शेवटच्या खेपेला, म्हणजे त्यांना विश्रांती मिळेल. पुणे आणि अलिबागवाल्यांचा पहिला सामना अकरानंतर. ड्रॉ कुणासाठीही बदलणार नाही, वेळ मात्र बदलता येईल. नाव तीनदा पुकारायचं, १५ मिनिटं झाली की पहिला गेम गेला, ३० मिनिटं झाली की प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल. मेगाब्लॉक असेल तर रविवारची पहिली खेप दहाला. प्लेट स्पर्धा नक्की. राज्य क्रमवारीतली १६ नावं भरत नाहीत, म्हणून मानांकित आठच, आणि प्राथमिक फेरीच्या चिठ्ठ्या १२९ मधून.

गणितवाला_सातारा

बरोबर. आठ मानांकित, १११ थेट, ९ प्राथमिक, १२८ जुळले.

निवृत्तपंच

दोन गोष्टी जोडा. पुढे चाल दिली की तक्त्यावर तसं लिहा आणि वेळही लिहा, नुसतं नाव पुढे सरकवू नका. आणि निकाल तोंडी घेऊ नका. विजेत्याने पंचाची आणि हरलेल्याची सही असलेली गुणपत्रिका टेबलावर आणून द्यायची, मगच नाव पुढच्या ओळीत चढेल. गडबडीत चुकीच्या माणसाचं नाव चढलं तर पुढचा सामना सुरू झाल्यावर ते सुधारता येत नाही.

ड्रॉ कधी आहे?

बोर्ड_नंबर_सात

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचला, हॉलमध्येच. सगळ्या क्लबना आज निरोप जातील.

निवृत्तपंच

१२८ ओळींचा कोरा छापील तक्ता माझ्याकडे आहे, दोन प्रती आणतो. एक लिहायला, एक दाराबाहेर लावायला. चिठ्ठ्या तुम्ही कापून ठेवा.